टिपकागदावर दोन-तीन पट्टे उमटले म्हणजे भेसळ नव्हे

महिनाभरापासून आमच्या भागात एक व्हिडिओ फिरतो आहे. हळद किंवा तिखट पाण्यात नाहीतर स्पिरिटमध्ये कालवायचे, टिपकागदाच्या पट्टीवर थेंब द्यायचा आणि पट्टीचे टोक त्याच द्रवात बुडवायचे. एकच डाग राहिला तर माल शुद्ध. एकाहून जास्त पट्टे किंवा लाल कड दिसली तर भेसळ. डाग जितका वर चढेल तितका रंग जास्त मिसळलेला. हळदीचा आकडा, म्हणजे डाग जितका चढला ते अंतर भागिले द्रव जितका चढला ते अंतर, ०.६; त्याहून वेगळा आला तर नकली. शेवटी आवाज म्हणतो, "लॅबची गरजच नाही."

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, जिथे वायगावची हळद पिकते, तिथे हा व्हिडिओ नुसती करमणूक नाही. आठवडी बाजारात घरची हळद विकणाऱ्या एका ताईंची पाकिटे गिऱ्हाइकांनी परत आणून दिली. त्या एक पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. "माह्या घरची हयद हाय जी सर. वावरातून खणली, उकडली, वाळवली, चक्कीवर दळून आनली. मी त्यात काय टाकीन?" मी रसायनशास्त्र शिकवतो, आणि व्हिडिओत वापरलेली पद्धत माझ्याच विषयातली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जास्त पट्टे म्हणजे भेसळ." हे मुळातच उलटे आहे. या पद्धतीचा जन्मच नैसर्गिक रंग वेगळे करताना झाला. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून हिरव्या पानांचा अर्क सोडला. हिरव्या-पिवळ्या रंगांचे वेगवेगळे थर उमटले, आणि १९०६ मध्ये त्याने पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. त्या पानांत कोणी काही मिसळले नव्हते.

हळदीचेही तसेच. तिचा पिवळा रंग एका पदार्थाचा नाही, तीन भावंडांचा आहे: कर्क्युमिन, डिमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. पहिला पाऊस पडल्यावर काळ्या वावरातून तिघे निघाले, तर ज्याच्या पायाला माती जास्त चिकटते तो मागे पडतो. इथे वावर म्हणजे पट्टीवरचा सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच द्रव्याच्या बारीक भुकटीचा थर, आणि पुढे ओढून नेणारा म्हणजे वर चढणारा द्रव. कर्क्युमिनवर दोन मेथॉक्सी गट (अणूंचे छोटे झुबके) असतात, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर एकही नाही. हे गट जितके कमी, तितका तो पदार्थ सिलिकाला जास्त चिकटतो.

ताईंच्या हळदीचा अर्क मी सिलिकाच्या पातळ थराच्या पट्टीवर लावला. द्रव होता ९५ भाग क्लोरोफॉर्म आणि ५ भाग मिथेनॉल. थेंबाच्या रेघेपासून द्रव ८ सेंटिमीटर चढला. तीन पिवळे डाग ६.०, ४.४ आणि २.४ सेंटिमीटरवर थांबले. डागाचे अंतर भागिले द्रवाचे अंतर, म्हणजे ०.७५, ०.५५ आणि ०.३०. तिन्ही डाग चोख हळदीचेच, शेजारी लावलेल्या कर्क्युमिनच्या नमुन्याशी सर्वात वरचा डाग बरोबर जुळला. तीन डाग पाहून जो हिला नकली म्हणेल, त्याच्या हिशोबाने जगात अस्सल हळदच उरणार नाही.

लाल कडेचे उत्तर तर आपल्या आज्यांकडेच होते. हळदीत चुना कालवला की कुंकू होते. क्षार लागला की हळद लाल पडते, तो तिचा गुणच आहे. साबणाने धुतलेली पण नीट न खंगाळलेली वाटी, सोड्याचा हात, एवढेही पुरते.

"एकच डाग म्हणजे शुद्ध." माझ्या मते हा सर्वात घातक दावा आहे, कारण यात विषारी माल सुटून जातो. हळद चमकवायला वापरले जाणारे लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्येही नाही. ते थेंबाच्या जागीच बसून राहते, आणि शिसे पोटात जाते. तिखटात मिसळले जाणारे सुदान नावाचे कृत्रिम लाल रंगही पाण्यात विरघळत नाहीत. मिरचीचा स्वतःचा लाल रंगही तेलात उतरणारा, म्हणून पाण्याच्या पट्टीवर खरा आणि खोटा दोघेही जागचे हलत नाहीत. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये सुदान रंगामुळे चारशेहून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून मागे घ्यावे लागले. पाण्याच्या पट्टीने त्यातला एकही सापडला नसता.

शिवाय एका डागाखाली दोन पदार्थ लपू शकतात. प्रयोगशाळेतल्या यंत्रात हे मोजता येते. तिथे पदार्थ भुकटी भरलेल्या नळीतून जातात आणि बाहेर पडताना प्रत्येकाचे आलेखावर एक शिखर उमटते. समजा एक पदार्थ ६.० मिनिटांनी बाहेर आला, दुसरा ६.६ मिनिटांनी, आणि दोघांच्या शिखरांची पायथ्याशी रुंदी अर्धा-अर्धा मिनिट. वेळेतल्या फरकाची दुप्पट भागिले दोन्ही रुंदींची बेरीज, म्हणजे १.२ भागिले १.०, उत्तर १.२. पूर्ण वेगळे झाले म्हणायला हा आकडा दीड तरी लागतो. तो नळीच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून बाकी सारे तसेच ठेवले तर २५ सेंटिमीटरची नळी ३९ सेंटिमीटरची करावी लागेल. यंत्राला एवढी कसरत लागते, तिथे बोटभर टिपकागदाने "एकच आहे" म्हणून कसे सांगावे?

"जितका वर, तितका रंग जास्त." नाही. डाग किती वर गेला यावरून तो कोण असावा याचा अंदाज येतो. तो किती आहे ते डागाच्या आकारावरून आणि गडदपणावरून ताडायचे. थेंब फार जाड दिला तर डागाला शेपूट फुटते, एवढेच.

"हळदीचा आकडा ०.६." द्रव बदलला, कागद बदलला, बरणीचे झाकण उघडे राहिले, मे महिन्यातली दुपार असली, तरी आकडा सरकतो. म्हणून ओळखीचा नमुना त्याच पट्टीवर शेजारी लावावाच लागतो. व्हिडिओत तो कुठेच नाही.

"लॅबची गरज नाही." गरज आहे, आणि वाटही आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार साधा गिऱ्हाईकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. तसा इरादा मात्र विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो.

ताई म्हणाल्या, "मंग शुद्ध हाय म्हनून लिहून द्या न जी." ते मी दिले नाही. माझ्या पट्टीवर शिसे दिसत नाही, त्याला वेगळी तपासणी लागते. तीन डाग, त्यांची अंतरे, शेजारचा नमुना, आणि चौथा पिवळा डाग दिसला नाही, एवढेच लिहून सही केली. शिशासाठी नमुना बाहेर पाठवायचे ठरले. तोवर पुढच्या बाजारापासून ताई पुडीशेजारी हळकुंडांची टोपली ठेवणार आहेत. ज्याला शंका येईल त्याने हळकुंडे घ्यावीत आणि स्वतः दळून आणावीत.