तो माळढोकच होता, आणि गाडी मी चालवत होते

अनामिक,

नाव दिलं नाहीत म्हणून असंच लिहावं लागतंय. माझ्या जैसलमेर सहलीच्या पोस्टवर काल रात्री पावणेबाराला तुम्ही जी कॉमेंट टाकलीत तिचं उत्तर त्या खालच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे देतेय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: मी अकलच्या जीवाश्म उद्यानाचं अंतर चुकीचं लिहिलंय, सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर जीप उडवणं म्हणजे निसर्गप्रेम नव्हे, विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतायत त्यावर पोस्टमध्ये एक ओळ नाही. आणि मग ते वाक्य: "मिस्टरांनी तीन दिवस गाडी हाकली म्हणून बाईंना डेझर्ट नॅशनल पार्क कळलं, आणि लांबून काहीतरी तपकिरी हललं तर म्हणे माळढोक! तिलोर असेल." (तिलोर म्हणजे माळढोकाच्याच कुळातला एक लहान पक्षी.)

आधी चूक कबूल करते, म्हणजे नंतर कोणी मला अहंकारी म्हणायला नको. अकलचं जीवाश्म उद्यान जैसलमेरपासून १७ किलोमीटर आहे, माझ्या पोस्टमध्ये ७ पडलं होतं. एक आकडा गळला. दुरुस्त केलाय, आभारी आहे. आम्ही बाडमेरकडून आलो त्यामुळे ते वाटेतच लागलं, जैसलमेरपासून मोजायची वेळच आली नाही. साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पत्र्याच्या छपराखाली लोखंडी जाळीत पडलीयेत तिथे, त्यांना दहा किलोमीटरने काही फरक पडला नसावा, पण असो, बरोबर ते बरोबर.

आता मिस्टर. अहो, हाकली म्हणजे काय, बैलगाडी आहे का ती? आणि अहमदाबाद, सांचोर, बाडमेर करत थेट जैसलमेरच्या किल्ल्याखाली हँडब्रेक ओढेपर्यंत स्टिअरिंग माझ्याच हातात होतं. आमचे हे सांचोरपासून बाजूच्या सीटवर घोरत होते, त्यांच्याकडे फक्त चहा कुठे घ्यायचा हे ठरवायचं खातं होतं आणि तेही त्यांनी दोनदा चुकवलं. माझं लायसन १९९८ चं आहे. पोस्टमध्ये चार ठिकाणी 'मी गाडी बाजूला घेतली' असं लिहिलंय. तुम्ही पोस्ट न वाचताच कॉमेंट केलीत असं मी म्हणत नाही, पण वाचली असती तर हे वाक्य आलं नसतं एवढंच.

आणि माळढोक. हे मात्र मी सोडणार नाही.

पार्कातल्या सुदासरीला आम्ही सकाळी साडेसातला पोचलो होतो. समच्याही पुढे आहे ते. तिथे वाघाच्या जंगलासारखं भव्य गेट आणि पाण्यावर येणारं जनावर असलं काही नाही, सेवण गवताचे पुंजके, मध्येच एखादं 'केर' नावाचं काटेरी झुडूप, तारेचं कुंपण आणि बाकी आकाश. पार्क एकूण ३१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं, आत गावंसुद्धा आहेत, त्यामुळे एका सकाळीत ते 'कळलं' असं मी कुठेही म्हटलेलं नाही, ते शब्द तुमचे. पहिला पाऊण तास चिंकारा आणि एक लांडीलबाड खोकड सोडून काही दिसलं नाही. मग चौकीवरचा गार्ड एकदम थांबला, हात मागे करून आम्हाला थोपवलं आणि हळूच म्हणाला, गोडावण. म्हणजे तिकडच्या भाषेत माळढोक.

तो गवतातून चालत आला. चालत, पळत नाही. चोच किंचित वर, मान ताठ पांढरट, डोक्यावर काळी टोपी बसवल्यासारखी, पाठ तपकिरी. दोन पावलं टाकायची, थांबायचं, इकडेतिकडे बघायचं, परत दोन पावलं. कुंपणाच्या खांबाजवळून गेला तेव्हा खांबाच्या निम्म्याच्या वर त्याचं डोकं होतं. आता सांगा, तिलोर एवढा असतो? तिलोर हिवाळ्यात येतो हे मलाही माहितीये, पण तो किती लहान, रंग वाळूसारखा, आणि त्याच्या मानेच्या बाजूने काळा पट्टा खाली उतरतो. काळी टोपी नसते त्याला. दुर्बीण होती माझ्याकडे. पोस्टमधला फोटो मोबाईलवरचा आहे आणि तो वाईट आहे हे मी फोटोखालीच लिहिलंय, तरी तुम्ही त्या फोटोवरूनच निकाल दिलात.

आणि मुळात मला माळढोक ओळखायला शिकवायला तुम्ही कोण? मी चौथीत होते तेव्हा, १९८६ साली, अण्णांनी मला एसटीने नान्नजला नेलं होतं. सोलापूर-बार्शी रस्त्यावर उतरून आम्ही माळावर चालत गेलो, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी, पाण्याची एकच बाटली. पाऊस नुकताच पडून गेलेला. अण्णांनी मला पालथं झोपायला लावलं आणि म्हणाले, हात मागे बांधून वर्गातून फिरणारा हेडमास्तर दिसला की तो माळढोक. आणि खरंच तसाच आला तो. नंतर त्याने गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवली, ती पार पायांपर्यंत लोंबली आणि लांबून कोणीतरी रांजणात तोंड घालून हुंकार द्यावा तसा आवाज आला. माझ्या फ्रॉकला काटेगवत चिकटलं होतं, ते मी घरी येईपर्यंत काढलं नव्हतं. तेव्हा तुम्ही कुठे होतात माहीत नाही, कदाचित जन्मलाही नसाल. आता नान्नजला तो दिसला तर बातमी होते. म्हणून तर एवढं अंतर तुडवत राजस्थानला जावं लागलं ना.

सुदासरीला मी रडले हे पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, आता लिहिते. गार्डला वाटलं डोळ्यात वाळू गेली. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा 'काहीतरी तपकिरी हललं' असं कोणी म्हटलं की लागतं, आणि ते अशा टोनमध्ये म्हटलं की जास्त लागतं. हेच तुम्हाला 'ताई, तिलोर तर नसेल ना?' असं विचारता आलं असतं, मी आनंदाने मोठा फोटो पाठवला असता. अजूनही पाठवते, पण आधी नाव सांगा.

बाकीचे मुद्दे. जीप समला सगळेच घेतात, टेकड्या काही मी एकटीने झिजवल्या नाहीत, आणि आम्ही एकच फेरी मारली. कॅम्पवर डीजे होता, तो मी लावला नव्हता, मी दहाला कानात कापूस घालून झोपले. कुलधरा या ओसाड गावातल्या भुताबद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत, धन्यवाद. लोंगेवालाच्या परिच्छेदाबद्दलही नाही, म्हणजे तिथे लढाईचं साल १९७१ बरोबर पडलं असावं.

तारांचं म्हणाल तर मला ठाऊक नाही असं नाही. पक्षी जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्याची नजर बाजूची, तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि एवढं धूड ऐनवेळी वळत नाही. वर्षाकाठी मादी अंडं घालणार बहुतेक एकच. उरलेत दीडशेच्या आसपास. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगितलं, मग मार्च २०२४ मध्ये तोच आदेश बदलून समिती नेमली, कारण सौर आणि पवन ऊर्जाही हवीच आहे. जिथे कोर्टाच्या नाकी नऊ आले तिथे मी सहलीच्या पोस्टमध्ये काय दिवे लावणार होते? लोक वाचायला येतात ते रस्ता कसा आहे, राहायचं कुठे, मुलांना कंटाळा येईल का यासाठी. त्यात मेलेल्या पक्ष्यांचे हिशोब कुठे घालू? कधीतरी वेगळी पोस्ट लिहीन. वेळ मिळाला की.

तुम्ही असंही म्हणालात की बडा बागमधल्या राजघराण्याच्या समाध्यांच्या छत्र्यांमागे पवनचक्क्या आणि सूर्यास्त असलेला फोटो पोस्टच्या सुरुवातीलाच टाकणं ही क्रूर थट्टा आहे. थट्टा वगैरे काही नाही. तो माझा या ट्रिपमधला सगळ्यात आवडता फोटो आहे, काढणार नाही. तसाच राहील. मूळ फोटोत उजव्या कडेने तारा जात होत्या, त्या तेवढ्या मी टाकतानाच क्रॉप केल्या होत्या.