पाटी लावून पाणी सोडून देऊ नका

मुलगा बुडाला की आठ दिवसांत तळ्यावर पाटी लागते : 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे.' त्या घरावर काय कोसळलंय ते कळतं हो. पण उरलेल्या मुलांना पोहायला कोण शिकवणार? आणि ज्या पाण्यात कुणी उतरतच नाही, त्यात काय मिसळतंय हे बघणार कोण?

मी चिपळूणचा. कोयनेवर वीज करून झालेलं पाणी आमच्या वाशिष्ठीत येतं. म्हणून बाकीच्या नद्यांची मे महिन्यात डबकी होतात तेव्हाही ती वाहत असते. तिच्यात कुठेही उड्या मारा असं मी अजिबात म्हणणार नाही. वीजनिर्मिती वाढली की पाणी अचानक चढतं, गोवळकोटकडे भरती-ओहोटीची ओढ असते आणि नदीत मगरी आहेत. पण रामतीर्थ तलाव आहे. सावंतवाडीला मोती तलाव आहे. गावोगावी नदी-ओढ्यांत कोंड, म्हणजे खोल डोह, आहेत. त्यातल्या निवडक जागा तरी पोहण्यासाठी राखता येतील की नाही?

पाणी घाण झालं की आपण लोटे एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांकडे बोट दाखवतो. तो प्रश्न खरा आहे, तो सोडायचा नाहीच. पण पोटात गेल्यावर आजारी पाडणारे जंतू मुख्यतः आपल्या संडासातून जातात. आपल्या छोट्या शहरांत बहुतेक ठिकाणी भुयारी गटार नाही. सेप्टिक टँक वर्षानुवर्षं उपसत नाहीत, त्याचं वरचं पाणी गटारात, गटार पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, आणि पऱ्या नदीत. पावसाळ्यात तर जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की शोषखड्डा काही शोषतच नाही.

आंघोळीच्या पाण्याचा निकष देशात ठरलेला आहे. 100 मिलिलीटर पाण्यात विष्ठेतले कॉलिफॉर्म जंतू 500 पर्यंत असावेत, 2500 च्या वर तर नकोतच. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप, लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत. मनाईच्या पाटीशेजारी दर महिन्याला हे आकडे लिहा ना! कुठल्या तळ्यात किती घाण आहे हे लोकांना दिसलं की लोक बोलतील.

पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला 1923 पासून बंदी होती. 2025 च्या जुलैत तिथे लोक पुन्हा नदीत उतरले. आधी सांडपाण्यावर प्रचंड खर्च केला, आणि आजही मोठा पाऊस झाला की पोहणं बंद ठेवतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंदच ठेवावं, लेप्टोच्या तापाचीही भीती असते. पण दिवाळीनंतर मेपर्यंत ठरलेली जागा, ठरलेली वेळ, दोरी, ट्यूब आणि पगारी जीवरक्षक एवढं नक्की जमेल. शाळांनी पोरांना तिथेच शिकवावं. चाकरमान्यांची मुलं सुट्टीत येतात, पाण्याची सवय नसताना कोंडात उतरतात. त्यांच्यासाठी तर हे हवंच.

जमणार नाही असं कुणी सांगू नये. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळूणकर गाळासाठी साखळी उपोषणाला बसले आणि वाशिष्ठीतला गाळ निघाला. गाळासाठी जी चिकाटी दाखवली तीच मैल्यासाठी दाखवायची आहे.

प्रचाराला दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे : आमच्या आळीतलं गटार नेमकं कुठे जाऊन पडतं, आणि ते तिथे पडण्याआधी शुद्ध करायला तुम्ही किती पैसे ठेवणार आहात?