आयन आदळतो खरा, पण केंद्रक त्या दणक्याने फुटत नाही

"वेगवान आयन (इलेक्ट्रॉन काढून धनभारित केलेला अणू) जड अणुकेंद्रकावर हातोड्यासारखा आदळतो, त्या दणक्याने केंद्रकाचे दोन सारखे तुकडे होतात आणि आयनाची ऊर्जा घेऊन ते नेमके विरुद्ध दिशांना सुटतात." अशा आशयाचा मजकूर एका ॲनिमेशनसह सगळीकडे फिरतोय. विद्यार्थीही तो खरा मानून पुढे पाठवतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी हातोडा. दणकाच लागत असता, तर जेमतेम 0.025 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या मंद न्यूट्रॉनने युरेनियम-235 दुभंगलेच नसते. आणि 1940 मध्ये फ्लेरॉव्ह आणि पेट्रझाक या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तर कशाचाही मारा न करता आपोआप होणारे विखंडन, म्हणजे केंद्रकाचे दुभंगणे, शोधून काढले. आयन धनभारित असल्यामुळे केंद्रकाचे प्रतिकर्षण ओलांडायला त्याला वेग लागतो, हे बरोबर. पण आत शिरल्यावर तो केंद्रकात मिसळून जातो, त्याची ऊर्जा सगळ्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांत वाटली जाते आणि उत्तेजित संयुक्त केंद्रक तयार होते. ते लांबट होत जाते, मधली मान बारीक होते आणि मग तुटते.

ऊर्जेचा दावा तर साध्या हिशेबातच कोसळतो. थोरियम-232 वर 80 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा कार्बन-12 सोडला, की क्युरियम-244 तयार होते. त्या 80 पैकी जवळपास 4 नव्या केंद्रकाला पुढे ढकलण्यात जातात, सुमारे 23 दोघे जुळण्यातच खर्च होतात, उरलेले 53 च्या आसपास उत्तेजनासाठी राहतात. आणि तुकड्यांची एकूण गतिज ऊर्जा भरते सुमारे 180! आणले 80, मिळाले 180. ही ऊर्जा आयनाची असूच शकत नाही. मान तुटल्यावर दोन धनभारित तुकडे एकमेकांना दूर लोटतात, त्यातून ती येते.

आता "सारखे तुकडे". मंद न्यूट्रॉनने युरेनियम-235 दुभंगते तेव्हा बहुतेक वेळा एक तुकडा 95 वस्तुमानांकाच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनांची एकूण संख्या), दुसरा 140 च्या आसपास असतो. बरोबर निम्मे होणे शेकडो पटींनी दुर्मीळ. कारण आहे केंद्रकातली कवचरचना: प्रोटॉन-न्यूट्रॉन ऊर्जेच्या ठरावीक थरांत, म्हणजे कवचांत, असतात आणि कवच भरलेले केंद्रक जास्त स्थिर असते. वर सांगितलेल्या कार्बन-थोरियम प्रयोगात उत्तेजन जास्त असल्याने कवचांचा प्रभाव ओसरतो आणि सर्वाधिक तुकडे निम्म्याजवळ सापडतात. तेवढ्यापुरता दावा बरा म्हणता येईल, पण तिथेही तुकड्यांच्या वस्तुमानाच्या आलेखातला उंचवटा चांगला पसरट असतो. आणि कवचांवरून बांधलेला अंदाजही चुकू शकतो. पारा-180 चे झिर्कोनियम-90 चे दोन जुळे तुकडे होतील असे वाटत होते. सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय संशोधन संस्थेच्या आयसोल्डे केंद्रातल्या प्रयोगात, 2010 मध्ये, सापडले ते रुथेनियम-100 आणि क्रिप्टॉन-80 च्या आसपासचे तुकडे.

"नेमके विरुद्ध दिशांना" हे संयुक्त केंद्रकासोबत पुढे सरकत पाहणाऱ्याला दिसेल. प्रयोगशाळेत आयनाचा पुढचा रेटा दोन्ही तुकड्यांना मिळतो, त्यामुळे कार्बन-थोरियमच्या उदाहरणात त्यांच्यातला कोन 180 ऐवजी 163 अंशांच्या आसपास भरतो. आयनाचा एखादाच भाग मिसळला, बाकीचा पुढे निसटला, तर कोन 180 कडे सरकतो. म्हणून दोन बाजूंना डिटेक्टर लावून हा कोन काटेकोरपणे मोजतात. तुकडे एका नॅनोसेकंदात सेंटिमीटरभर अंतर कापतात, तेव्हा वेळही नॅनोसेकंदाच्या अंशांत मोजावी लागते.

पण कोनाने सगळे कळत नाही. कॅल्शियम-48 युरेनियम-238 वर सोडला, की बरेचदा दोघे पुरते एक होण्याआधीच, 10⁻²⁰ सेकंदांच्या आसपास, वस्तुमानाची थोडी देवाणघेवाण करून वेगळे होतात. याला क्वासीफिशन म्हणतात. रेटा पूर्ण मिळालेला असल्याने कोन खऱ्या विखंडनासारखाच येतो. फरक दिसतो तो तुकड्यांच्या वस्तुमानात: जड तुकडा शिसे-208 च्या जवळपास घुटमळतो. अतिजड मूलद्रव्ये घडवणे इतके अवघड असण्याचे हे एक मोठे कारण आहे.