रिकाम्या कुंडीला पाणी

मी रोज सकाळी एका रिकाम्या कुंडीला पाणी घालते, हे आता सगळ्या शेजारपाजाऱ्यांना माहीत झालंय. पहिल्या वर्षी लोक विचारायचे, काय लावलंय? दुसऱ्या वर्षी विचारणं बंद झालं आणि माझ्याशी जरा हळू आवाजात बोलणं सुरू झालं.

कुंडी रिकामी नाही. तिच्यात ट्रिलियम आहे. थंड प्रदेशातल्या पानगळीच्या जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हे फूलझाड. तीन पानं, वर तीन हिरवी निदलं, त्यांच्यावर तीन पांढऱ्याशुभ्र पाकळ्या. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये याला नाव दिलं तेव्हा तीनपर्यंत मोजलं आणि तो मोकळा झाला. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने १९३७ साली हे आपलं मानाचं फूल ठरवलं. त्याच वर्षी कुणी माझ्या नावाने दोन बिया पेरून ठेवल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं.

कारण बागेचं वेड असलेल्या एका मैत्रिणीने ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या बारा बिया माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "वाळू देऊ नकोस. वाळली की रुसते." मी विचारलं, "फूल कधी येईल?" ती म्हणाली, "सात," आणि गाडीत बसून गेली. मी महिने धरले.

ती वर्षं होती. तेही सगळं सुरळीत झालं तर.

या बीला उगवायला एक नाही, दोन हिवाळे लागतात. पहिला हिवाळा सोसून ऊब मिळाली की ती खाली मूळ सोडते. वर चिटपाखरू नाही. मग दुसरा हिवाळा, आणि तो सरल्यावर एक पान. अर्ज एकच, पण शिक्के दोन, आणि दुसऱ्या शिक्क्याचे साहेब पुढच्या वर्षी भेटतात. बीच्या बाजूने बघितलं तर यात शहाणपण आहे म्हणे: आधी पाय रोवायचे, मग डोकं वर काढायचं. मी बीच्या बाजूने बघायला तयार नव्हते. मी हिवाळा घरातच करायचं ठरवलं.

ओलसर व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खनिजाचा हलका चुरा, मुठीत दाबून पिळलं, पाणी टपकत नाही एवढं कोरडं केलं, त्यात बिया मिसळून पिशवी बंद केली आणि फ्रीजमध्ये ठेवली. तीन महिने आत चार-पाच अंशांवर, तीन महिने बाहेर विसाच्या आसपास, परत तीन महिने आत. कागदावर सोपं होतं. पण आमच्याकडे फ्रीज आवरणं हे नवऱ्याचं खातं आहे.

"ही पिशवी कधीची?"

"ऑगस्टची."

"नोव्हेंबर आहे. टाकू?"

"अरे, टाकतोस काय! तिचा हिवाळा चाललाय."

त्याने पिशवी उजेडाकडे धरली. आत ओला भुसा आणि करड्या रंगाची लव. ती लव मला मान्य नव्हती. बुरशी! मग रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात गाळणी घेऊन उभी. मोहरीहून जरा मोठी, तपकिरी बी, एकेक नळाखाली धुवायची, दातकोरणीने पुसायची, बोटाने दाबून बघायची. घट्ट लागली तर जिवंत, पचकन फुटली तर गेली. तीन फुटल्या. नऊ उरल्या. त्या नव्या पिशवीत गेल्या आणि पिशवीवर मार्करने लिहिलं, "हिवाळा चालू आहे." एकदा चार तास वीज गेली, तेव्हा घरचे दुधाची काळजी करत होते आणि मी फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभी होते, कुणी उघडून थंडी मोडू नये म्हणून.

जंगलात हे सगळं कोण करतं? मुंगी. प्रत्येक बीला एक पांढरट, तेलकट शेपूट असतं. त्याच्या लोभाने मुंगी बी उचलून वारुळात नेते, ते शेपूट पोरांना भरवते आणि बी आपल्या उकिरड्यावर फेकून देते. तिथे ती उगवते! मी उकळून गार केलेलं पाणी, धुतलेली बोटं, तारखांची वही असा थाट मांडलेला, आणि तिकडे मुंगी नुसता केर काढते. मुंगीपुढे इतकं खजील व्हायची वेळ माझ्यावर पूर्वी आली नव्हती.

पहिली ऊब सुरू होऊन पाच आठवडे झाले तेव्हा पिशवीच्या कडेला, प्लास्टिकला चिकटून, तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक दिसलं. मी घर गोळा केलं. नवरा म्हणाला, "बुरशीच ना?" फक्त सासरे, आप्पा, भिंग घेऊन आले. बराच वेळ बघून म्हणाले, "खाली वळलंय. मूळच आहे." मग त्यांनी विचारलं, "फुलायला अजून किती?" मी चाचरत सांगितलं, साडेसहा वर्षं. आप्पा तेव्हा ७८ चे होते. त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे पंच्याऐंशीच्या जरा अलीकडेच. ठीक आहे, तोवर मला कुठे जायचं नाही." दुसऱ्या दिवसापासून वही त्यांच्याकडे गेली.

हिमालयात याचं एक भावंड आहे, नागछत्री. त्याचा कंद औषधासाठी इतका उपसतात की जंगलातून ते दुर्मिळ होत चाललंय. हे वाचून आप्पा दोन दिवस भडकलेले होते. "उगवायला वर्षं आणि उपटायला किती? कुदळीचा एक घाव!" मी म्हटलं, आप्पा, मी उपटत नाहीये. "माहितेय. पण कुणाला तरी बोलायला नको?"

दुसऱ्या हिवाळ्यानंतर मुळं आलेल्या बिया कुंडीत गेल्या. कुंडी सावलीच्या कोपऱ्यात. आणि एका सकाळी चार हिरवी पाती वर आली. ट्रिलियमचं पहिलं पान हे ट्रिलियमसारखं अजिबात दिसत नाही. एकच, अरुंद, लांबट. थेट गवत. याची कल्पना मला होती, आप्पांना होती, नवऱ्याला नव्हती. रविवार होता. त्याचा आवरण्याचा हात फ्रीजवरून बाल्कनीत आला होता.

"कुंडीत गवत माजलंय तुझ्या," तो बाहेरून म्हणाला, "थांब, काढून देतो."

जवळजवळ एक वर्ष, दोन हिवाळे, एक गाळणी. मी पोचेपर्यंत एक पाती त्याच्या चिमटीत होती, मुळासकट. मी काही बोलले नाही. तो म्हणतो, तेच जास्त भयंकर होतं. बाराच्या तीन उरल्या. ट्रिलियमला हा आकडा आवडत असावा.

ऊन तापलं तशी ती तीनही पाती पिवळी पडली आणि मातीत गेली. मेली नाहीत, झोपली. पुढच्या वर्षी येतील तेव्हाही एकेकच पान, त्यानंतरची काही वर्षं तेच, मग कधीतरी तीन पानं आणि मग फूल. तोवर वर्षातले बरेच महिने कुंडीत नुसती माती.

नवऱ्याचा हात पुन्हा चालू नये म्हणून आप्पांनी पुठ्ठ्याचा तुकडा कापला, ठळक अक्षरात लिहिलं आणि काडीला बांधून कुंडीत खोचला: "झोपले आहे. त्रास देऊ नये."

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू काही द्यायला आल्या होत्या. बाल्कनीपर्यंत आल्या, पाटी वाचली, मातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना चपला हातात घेऊन जिना उतरल्या.