जाड कापडासाठी शिलाई मशीन घेताना

बचत गटांतून आणि घरगुती उद्योगांतून कॅनव्हासच्या पिशव्या, डेनिमच्या सॅक, सोफ्याची कव्हरे शिवणाऱ्या महिला वाढत आहेत. त्याचबरोबर साध्या घरगुती मशीनला ‘हेवी ड्यूटी’ किंवा ‘इंडस्ट्रियल’ म्हणून त्यांच्या गळ्यात मारणारे विक्रेतेही वाढत आहेत, याचा मला मनापासून संताप येतो. घरगुती मशीन वाईट नसते. ब्लाउज, पडदे, अधूनमधून एखादी जीन्स ते उत्तम शिवते. फसवणूक आहे ती हेच मशीन दिवसभर कॅनव्हास ओढील असे सांगण्यात.

विक्रेता सर्वांत आधी वॅटचा आकडा पुढे करतो. मोटर किती वीज घेते एवढेच वॅटवरून कळते. सुईच्या टोकाशी किती जोर पोहोचतो हे पुलीच्या प्रमाणावर, चाकाच्या वजनावर आणि हळू चालताना मोटर किती जोर टिकवते यावर ठरते. घरगुती मशीनची छोटी मोटर हळू चालवली की तिचा जोर घटतो, आणि जाड जोड तर हळूच ओलांडावा लागतो. जीन्सच्या पायाची चार पदरी शिवण दोनदा दुमडून पट्टी घातली, तर त्या एका जागी सुईखाली बारा पदर येतात. मशीन अडते, टाका चुकतो किंवा सुई तुटते ती नेमकी तिथे.

वेगाच्या आकड्याचेही तसेच आहे. जुकीचे डीडीएल-८७०० हे कारखान्यांत सर्वत्र दिसणारे मशीन मिनिटाला ५५०० टाक्यांपर्यंत जाते, पण ते हलक्या-मध्यम कापडासाठी आहे. त्याच कंपनीचे जाड मालासाठीचे डीएनयू-१५४१ साधारण २५०० वरच थांबते. तेव्हा ‘इंडस्ट्रियल’ मशीन खरोखर कारखान्यातले असले, तरी ते आपल्या कापडासाठी बनलेले असेलच असे नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कापड पुढे कोण सरकवते हा आहे. साध्या मशीनमध्ये फक्त खालचे दाते कापड ओढतात, त्यामुळे रेक्झिन किंवा जाड कॅनव्हासचा वरचा पदर फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली, अडकून मागे राहतो आणि शिवण संपेपर्यंत दोन्ही कडा जुळेनाशा होतात. वॉकिंग फूट असलेल्या मशीनमध्ये वरचा पायही कापडाबरोबर चालतो. कंपाउंड फीडमध्ये सुईसुद्धा कापडात रुतलेली असतानाच पुढे सरकते आणि पदर एकमेकांवरून घसरत नाहीत. पट्टे आणि बॅगा रोज शिवणाऱ्याने पैसे इथे घालावेत. त्यासोबत फूट किती उचलला जातो आणि टाका किती लांब पडतो हेही विचारावे, कारण चामड्यावर बारीक टाके घातले तर भोकांची रांग होऊन ते त्या रेषेवर फाटते. घरगुती मशीनचा टाका बहुधा ४ मिलिमीटरच्या आसपास संपतो.

दुकानातल्या प्रात्यक्षिकावर तर मुळीच विसंबू नये. कडक चामड्याचे चार तुकडे नव्या सुईने आणि बारीक दोऱ्याने सरळ रेषेत शिवून दाखवणे पुष्कळ मशीनना जमते. आपल्याच कामाचे तुकडे, आपलाच जाड दोरा आणि त्याला लागणारी ११० किंवा १२० क्रमांकाची सुई घेऊन जावे. जोडावर मशीन थांबवावे, तिथूनच हळू पुन्हा सुरू करावे आणि उलट बाजूचे टाके पाहावेत. विक्रेता याला नकार देत असेल तर त्या दुकानातून बाहेर पडावे, मग किंमत कितीही कमी असो. जुने मशीन रंगवून नवे म्हणून विकले जाते, म्हणून दाते झिजले आहेत का, सुईचा दांडा हलवल्यावर खडखडतो का, हेही तपासावे.

बिलावर मॉडेल क्रमांक, मोटरचा प्रकार आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी, आणि ‘कॅनव्हाससाठी योग्य’ असे तोंडी सांगितले असेल तर तेही लिहायला लावावे. ऑनलाइन खरेदीत जाहिरातीच्या पानाचा फोटो जपून ठेवावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाच्या गुणवत्तेबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात हा तक्रारीचा विषय आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवता येते. लेखी पुरावा हाताशी असला की विक्रेत्याला ‘मी तसे म्हणालोच नव्हतो’ असे सांगता येत नाही.