काका, हसू नका

सई म्हणाली, "बाबा, फोटोग्राफर मूडी आहे."

मला वाटलं, माणसाबद्दल बोलतेय. आमच्या ऑफिसात एक साहेब मूडी होते; सकाळी सही करायचे आणि दुपारी तीच खोडायचे. असल्या माणसाला लग्नाचं काम कशाला द्यायचं? मग कळलं, मूडी माणूस नव्हे, फोटो. सगळे कृष्णधवल. सावल्या जास्त, माणसं कमी आणि हसणारं कोणीच नाही. ह्याला एडिटोरियल म्हणतात. आम्हाला अग्रलेख माहीत, तोही पूर्ण कोण वाचतो?

"रंग नाहीत म्हणजे थोडं कमी होईल ना?" मी व्यवहाराचं विचारलं.

काळ्या टीशर्टातल्या त्या मुलाने मला शांतपणे समजावलं. त्याचा कॅमेरा लायकाचा मोनोक्रोम. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी असते, तिच्यामुळे रंग कळतात. ह्यात ती जाळीच नाही. 2012 साली कंपनीने असा पहिला कॅमेरा काढला, आणि तो रंग दिसणाऱ्या भावंडापेक्षा महागच होता. म्हणजे जाळी काढायचे पैसे वेगळे. मी निमूट आगाऊ रक्कम दिली.

हे सगळं मी बायकोपासून लपवलं, कारण ती तेव्हा रंगांत बुडालेली होती. तीन रविवार पैठणीत गेले. वांगी की डाळिंबी? काठ मोरपंखी की रामा? करवलीला अबोली दिला तर विहीणबाईंचा श्रीखंडी फिका पडेल का? शेवटी सईला हिरवा शालू लाल काठांचा, आणि हिला वांगी पैठणी, मोरपंखी काठांची. ह्या दोन रंगांसाठी दुकानदाराने पन्नासेक साड्या उलगडल्या होत्या. फोटोत शालूचा हिरवा आणि काठाचा लाल एकाच राखाडीत विरघळले. वांगी आणि मोरपंखीचंही तेच. घड्या घालणारा तो दुकानातला मुलगा आठवून मला भरून आलं.

लग्नाच्या दिवशी माझ्यावर पहिली आज्ञा झाली, "काका, हसू नका." दुसरी, "कॅमेऱ्याकडे बघू नका. खिडकीबाहेर बघा, हरवल्यासारखं." मी बघितलं. खिडकीखाली कार्यालयाचा मुदपाकखाना होता. तिथे आचारी सिलिंडर आडवा करून हलवत होता. गॅस संपला होता. जिलबीची कढई थंड, पहिली पंगत तासाभरावर, माणसं साडेतीनशे. माझा चेहरा जो काही झाला असेल तो झाला.

"परफेक्ट! हेच पाहिजे होतं!" मागून आवाज आला. "लेक सासरी चालल्याचं दुःख काय आलंय, काका!"

अंतरपाटाच्या वेळी त्याने हॉलचे दिवे घालवायला लावले. त्याला एकाच बाजूचा उजेड हवा होता. गुरुजींना मंगलाष्टकं पाठ होती म्हणून निभावलं. वऱ्हाडाने अक्षता मात्र अंदाजाने टाकल्या. निम्म्याहून अधिक माझ्या व्याह्यांवर पडल्या आणि त्यांनीही मोठ्या मनाने स्वीकारल्या.

वास्तविक कृष्णधवलचं मला कौतुक नाही असं नाही. माझ्या लग्नात, 1986 साली, तीन रोल होते. दोन कृष्णधवल, एक रंगीत, छत्तीस फोटोंचा. तो रंगीत रोल जपून वापरायचा असं वडिलांनी फोटोग्राफरला बजावलं होतं. त्यामुळे कोण रंगीत आलं आणि कोण नाही, ह्यावरून घरात कायमची प्रतवारी लागली. माझा थोरला मेहुणा दोन्ही कृष्णधवल रोलांत आहे. तो अजून आमच्याकडे जेवताना दुसऱ्यांदा भात घेत नाही.

असो. लग्नानंतर आठवड्याने सईने पहिला फोटो स्टेटसला ठेवला. माझी आई, वय 84, खुर्चीत एकटी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तिरपा उजेड, भोवती काळोख. खाली एक अक्षर नाही. आई पंगतीनंतर डुलकी काढत होती. रात्री इचलकरंजीहून मावसभावाचा फोन.

"केव्हा झालं रे?" अण्णाचा आवाज खोल गेलेला.

"बारा पस्तीसला."

"फार त्रास नाही ना झाला?"

"छे, गुरुजी अनुभवी होते. झटपट उरकलं."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "मावशींचं सगळं नीट झालं म्हणायचं."

"हो, तिने दोन जिलब्या जास्तच खाल्ल्या."

त्यानंतरचं संभाषण लिहिण्यासारखं नाही.

परवा मोठा प्रिंट आला. सईचा एकटीचा, जाड, खरखरीत, बिनचकाकीच्या कागदावर. त्याचे पैसे मी बायकोला अजून सांगितलेले नाहीत. तिने वांगी पैठणीचा विषय पुन्हा काढलाच. आई मात्र चष्मा लावून फोटो निरखत राहिली. 1962 सालचा तिचा स्वतःचा फोटो स्टुडिओवाल्याने जादा पैसे घेऊन हाताने रंगवून दिला होता. त्यात तिचा हिरवा शालू निळा झाला. "मेल्याला दहादा सांगितलं होतं," हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

"अरे, हिच्या कपाळाला काळं काय लागलंय?" तिने विचारलं. "तीट लावली होती का लग्नात?"

"कुंकू आहे ते आई. ह्या फोटोत काळंच दिसतं."

"हात्तिच्या," म्हणत ती उठली, देवघरातून कोयरी घेऊन आली, अनामिका पाण्यात बुडवली, कुंकवात टेकवली आणि मी 'अगं' म्हणेपर्यंत सईच्या कपाळावर दाबली.

कागद भारीच निघाला. ओल लगेच आत शोषून घेतली.

"आता शालूचा रंग कोणता होता ते सांग," आई म्हणाली.