एकच रिमोट पाहिजे राजेहो

होम थिएटर विकताना दुकानदार आवाज ऐकवतो, चित्र दाखवतो, सोफ्यावर बसवून चहा पाजतो, पण हे सगळं चालू कसं करायचं ते काही सांगत नाही. ते घरी आल्यावर समजते. आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्ती नगरच्या हॉलमधे टीपॉयवर प्रोजेक्टरचा, स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरचा, सेट टॉप बॉक्सचा, ब्लू-रे प्लेअरचा आणि फायर स्टिकचा तो एवढासा, असे रिमोट ओळीनं पडून असतात आणि पिक्चर पाहायचा म्हटलं की ते एका ठराविक क्रमानेच दाबावे लागतात. तो क्रम फक्त मला माहीत आहे. त्यामुळे मी ऑफिसात असलो की घरून फोन येतो, "अहो, चित्र दिसून राहिलं पण आवाज नाही येऊन राहिला." मग मी मीटिंगमधून बाहेर येऊन दबक्या आवाजात विचारतो की रिसीव्हरवर काय लिहून आहे, आणि पलीकडून येते, "रिसीव्हर म्हणजे कोणता डब्बा?"

याच्यावर उपाय म्हणून टचस्क्रीनवाले प्रोग्रामेबल रिमोट मिळतात. एकच रिमोट, त्यावर काचेचा पडदा, पडद्यावर 'पिक्चर' असं बटण, त्याला बोट लावलं की प्रोजेक्टर पेटतो, रिसीव्हर जागा होऊन बरोबर इनपुटवर जातो, हॉलचे दिवे मंद होतात. ऐकायला इतकं सोपं आहे की बायको लगेच हो म्हणाली. किंमत मी तेव्हा सांगितली नव्हती.

तशी बसल्या जागेवरून टीव्ही चालवायची खाज जुनीच. १९५५ मधे अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी फ्लॅश-मॅटिक काढला, हातातल्या टॉर्चचा झोत टीव्हीच्या कोपऱ्यातल्या फोटोसेलवर मारायचा की चॅनेल बदललं. लफडं एवढंच की खिडकीतून ऊन आत आलं की टीव्ही आपल्या मनानेच चॅनेल बदलायचा. आमचा हॉल पश्चिमेकडे, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात तिथे तो ठेवला असता तर दुपारी चारनंतर त्याने एक चॅनेल धड लागू दिलं नसतं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीत रॉबर्ट ॲडलर यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजावर चालणारा रिमोट केला, आत ॲल्युमिनियमच्या कांड्या आणि त्यावर आपटणारी छोटी हातोडी, सेलसुद्धा लागत नव्हता, फक्त किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधीकधी चॅनेल बदलायचं. म्हणजे रिमोट आणि घरात चाललेल्या गोष्टी यांचं पहिल्यापासून जमलेलं नाही.

तर मी कामाला लागलो. पहिला पर्याय म्हणजे लॉजिटेकचा हार्मनी एलिट. २०१५ मधे आला तेव्हा ३५० डॉलरचा होता, पंधरा उपकरणं सांभाळतो, छोटा टचस्क्रीन आणि खाली खरी बटणंही. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणाला, माझा पडून आहे, येताना घेऊन येतो. फुकटचा रिमोट, याच्याहून चांगलं काय. पण एप्रिल २०२१ मधे लॉजिटेकने हार्मनी बनवणं बंद केल्याचं जाहीर केलं, आणि या रिमोटच्या सेटिंगचं सगळं खातं कंपनीच्या सर्व्हरवर. लोक वापरतील तोवर सर्व्हर चालू ठेवू म्हणतात ते. ठेवतीलही. पण नवा सेट टॉप बॉक्स आला की आपण त्रिमूर्ती नगरातून एका बंद पडलेल्या धंद्याच्या सर्व्हरला हात जोडायचे, हे काही मनाला पटेना. या लाइनीत असंच होत आलेलं आहे. फिलिप्सचा प्रोंटो १९९८ चा, टचस्क्रीन रिमोटमधला मानाचा गडी, हौशी लोक रात्र रात्र जागून कॉम्प्युटरवर त्याचं एकेक बटण स्वतः काढायचे. २०१० मधे फिलिप्सने तोही गुंडाळला.

दुसरा पर्याय कंट्रोल फोर नावाच्या कंपनीचा हॅलो टच. हा नुसता रिमोट नाही, याच्यामागे कंट्रोलर नावाचा एक वेगळा डबा लागतो आणि तो डबा डीलरचा माणूस येऊन प्रोग्राम करतो, मुख्य वायरिंगबियरिंगमधे बदल करायचा तर पुन्हा त्यालाच बोलवायचं. तिसरा अनफोल्डेड सर्कल नावाच्या डॅनिश कंपनीचा रिमोट थ्री. दिसायला देखणा, कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून नाही, सगळं घरातल्या घरात चालते, पण बाहेरून मागवा, कस्टम भरा आणि मग स्वतः बसून सेट करा. मला हाच आवडला होता. बायकोने त्याचा फोटो पाहिला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला, आणि विचारलं, "बिघडला तर दाखवायचा कोणाला?" बर्डीच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारे रांगेने बसतात, पण डेन्मार्कच्या रिमोटचं झाकण उघडणारा त्यात मला तरी कोणी माहीत नाही.

म्हणजे निवड रिमोटची नव्हतीच. उद्या अडलं तर कोणाच्या दारात जाऊन बसायचं, कंपनीच्या, डीलरच्या की आपल्याच, हा प्रश्न होता. आपल्या दारात बसायची माझी तयारी होती, घरच्यांची नव्हती.

त्यात आणखी एक भानगड आहे जी जाहिरातीत कोणी सांगत नाही. साधा रिमोट म्हणजे इन्फ्रारेडचा दिवा, सेकंदाला अडतीस हजार वेळा वगैरे लुकलुकतो, डोळ्याला दिसत नाही पण मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर जांभळट दिसतो, सेल संपले का ते पाहायला आम्ही हेच करतो. हा दिवा फक्त सांगतो, ऐकत काही नाही, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. आणि बऱ्याच उपकरणांना चालू करायचं अन् बंद करायचं बटण एकच असते. आता धरा की पिक्चर चालू आहे अन् लाइन गेली. मे महिन्यात जातेच. लाइन आली तेव्हा प्रोजेक्टर बंद, रिसीव्हर बंद, सेट टॉप बॉक्स मात्र आपोआप चालू, आणि रिमोटच्या डोक्यात अजूनही 'पिक्चर चालू आहे.' तुम्ही वैतागून 'सगळं बंद' दाबता, तो सगळ्यांना तोच सिग्नल पाठवतो, जे बंद होतं ते चालू होते अन् जे चालू होतं ते बंद. आपण बंद करून राहिलो अन् तो चालू करून राहिला. याच्यावर इलाज म्हणजे चालूचा वेगळा आणि बंदचा वेगळा कोड, पण तो प्रत्येक कंपनी देतेच असं नाही, आणि दिला तरी त्याच्या रिमोटवर बटण नसते, शोधून काढावा लागतो. आमचा प्रोजेक्टर तर आणखी शहाणा. त्याला बंद करायला बटण दोनदा दाबावं लागते, पहिल्यांदा दाबलं की तो विचारतो, नक्की का? पेटताना अर्धा मिनिट तो कोणाचंच ऐकत नाही, म्हणजे प्रोग्राममधे तेवढं थांबा असं लिहून ठेवावं लागते, नाहीतर इनपुट बदलायचा सिग्नल हवेतच जाते. फायर स्टिक तर ब्लूटूथवाली, तिला इन्फ्रारेडची भाषाच समजत नाही.

धरमपेठेतल्या कंट्रोल फोरच्या डीलरने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "सर, आमच्या सिस्टिममधे तसं नाही. रिसीव्हर नेटवर्कवर आहे नं तुमचा, मग तो उत्तर देते. चालू आहे का बंद, व्हॉल्यूम किती, सगळं सांगते."

सोबत आलेले बाबा म्हणाले, "म्हणजे आपण सांगितलं की हे उलटून बोलते?"

"हव काका."

"मग राहू दे. घरी आहेत तेवढे बस झाले."

मग टचस्क्रीन हातात घेऊन पाहिला. सुंदर. चित्रं झळकतात, बोट फिरवलं की पानं सरकतात. पण बाप्पा, काचेवर व्हॉल्यूमचं बटण कुठे आहे हे अंधारात बोटाला कसं कळणार? रबराचं बटण तुम्ही डोळे मिटून शोधता. काचेसाठी पडद्यावरची नजर काढून हातात पाहावं लागते, अंधाऱ्या हॉलमधे चेहऱ्यावर निळा उजेड पडतो, आणि तोवर खून कोणी केला ते होऊन जाते. बरं, रविवारी सकाळी आमच्याकडे मॅचसोबत तर्री पोहे असतात. तर्रीचं बोट काचेवर लागलं की तो लालसर ओघळ स्कोअरच्या आड येतो, पुसायला गेलं तर पुसतानाच चॅनेल बदलते. स्वित्झर्लंडचा निओ नावाचा रिमोट २०१५ मधे किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर आला होता, तो हातात धरणाऱ्याचा तळवा ओळखणार असं सांगत होते, पुढे २०१९ मधे कंट्रोल फोरनेच ती कंपनी घेतली. तर्रीचा हात तो कोणाचा म्हणून ओळखला असता कोण जाणे. म्हणून मी डीलरला स्पष्ट सांगितलं, पडदा किती का मोठा असेना, व्हॉल्यूम अन् म्यूटची खरी बटणं पाहिजेत. हॅलो टचला ती आहेत. हे मला खरंच पटलं.

तरी मी डॅनिश रिमोटकडेच झुकलेलो होतो. निकाल लावला आईने. ती तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, दुकानाच्या एसीत डोळे मिटून बसली होती. एकदम म्हणाली, "याने कूलरचा पंप चालू होते का?"

आमच्या हॉलमधे वूलच्या ताट्यांचा भलामोठा डेझर्ट कूलर आहे, आणि इतके रिमोट असलेल्या घरात त्याच्या पंपाचं बटण मात्र खिडकीपाशी, रात्री नऊच्या मालिकेत नेमकं कोणीतरी उठून दाबायचं. कोण उठणार यावरून आमच्याकडे जेवढं बोलणं होते तेवढं रिसीव्हरवरून कधी झालं नाही.

"होते की काकू," डीलर म्हणाला. "रिले लावून देतो, म्हणजे रिमोटवर चालणारा स्विच. बसल्या जागी."

आईने पदर सावरला आणि उठली. म्हणजे झालं. किंमत बायकोला घरी जाताना ऑटोतच सांगितली, ऑटोवाला सोबत असल्यामुळे ती फार बोलली नाही.

शनिवारी डीलरचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला, प्रोजेक्टरची ती दोनदा दाबायची भानगड, अर्ध्या मिनिटाचं थांबणं, सगळं त्याने मुकाट्याने लिहून घेतलं. मग विचारलं, "पहिल्या पानावर काय काय ठेवायचं? चारच ठेवा सर, जास्त ठेवले की घरचे गोंधळतात."

"हरिपाठ," आई म्हणाली.

"बातम्या," बाबा.

"मालिका," बायको स्वयंपाकघरातून.

"अन् पंप," आईच पुन्हा.

"अरे, आणि पिक्चर?" मी विचारलं. "ज्याच्यासाठी हे सगळं घेतलं ते?"

पोरगा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "आहे नं सर. दुसऱ्या पानावर टाकलं. सेटिंगच्या खाली."